पल्मनरी हायपरटेन्शन: डॉक्टरने कारण जोडलंच नसेल तर कोडरने जोडायचं का?

हिंजवडीची_कोडर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा धागा काढतेय कारण हा विषय डोक्यातून जातच नाहीये. मी इनपेशंट कोडिंग करते, म्हणजे ॲडमिट पेशंटच्या कागदांवरून आजारांना आयसीडी १० चे कोड देते, अमेरिकेतल्या हॉस्पिटलचे चार्ट, चार वर्षं झाली. गेल्या आठवड्यात ऑडिटमध्ये एक एरर लागली आणि त्यावर तीन माणसांनी मला तीन उत्तरं दिलीत.

चार्ट असा. सत्तरी ओलांडलेल्या बाई, दम लागतोय आणि पाय सुजलेत म्हणून ॲडमिट. डिस्चार्ज समरीत डायग्नोसिस एकाखाली एक लिहिलेत: ॲक्यूट ऑन क्रॉनिक डायस्टॉलिक हार्ट फेल्युअर, हायपरटेन्शन, सीओपीडी (फुप्फुसाचा जुना आजार) घरी ऑक्सिजनवर, पल्मनरी एचटीएन, म्हणजे पल्मनरी हायपरटेन्शन, फुप्फुसाच्या धमनीत वाढलेलं प्रेशर. बस, एवढंच. इकोत आरव्हीएसपी (हृदयाच्या उजव्या कप्प्यातलं प्रेशर) ५८ आणि लेफ्ट एट्रियम मोठं झालेलं.

मी बाकीच्या आजारांना आय११.०, आय५०.३३, जे४४.९, झेड९९.८१ दिले आणि पल्मनरी हायपरटेन्शनला आय२७.२२, म्हणजे लेफ्ट हार्ट डिसीजमुळे. ऑडिटर म्हणतात चूक, आय२७.२० हवा, म्हणजे अनस्पेसिफाइड, कारण न दिलेला. टीम लीड म्हणाले आय२७.२२ आणि आय२७.२३ (फुप्फुसाच्या आजारामुळे) दोन्ही हवे होते कारण सीओपीडी पण आहे. माझं म्हणणं असं की हायपरटेन्शन आणि हार्ट फेल्युअर आपण डॉक्टरने न जोडताही जोडलेलं धरतो ना, मग इथे का नाही? बाईंचं हार्ट फेल्युअर समोर दिसतंय, लेफ्ट एट्रियम मोठं दिसतंय, मग प्रेशर कशाने वाढलं ते उघडच आहे असं मला वाटलं. कोणी नीट समजावून सांगेल का?

नाईटशिफ्ट_ऐरोली

ताई मी पण दोन्हीच दिले असते खरं सांगायचं तर. आमच्याकडे फ्लोअरवर सगळे असंच करतात, हार्ट फेल्युअर दिसलं की .२२, सीओपीडी दिसला की .२३. स्पेसिफिक कोड द्यायचा असंच ट्रेनिंगमध्ये शिकवलंय, अनस्पेसिफाइड दिला की क्वालिटीवाले विचारतात का दिला म्हणून. तुमच्या ऑडिटरचं म्हणणं मला पटत नाही.

जुना_ऑडिटर

ऐरोलीकर, थांबा जरा, हे फ्लोअरवरचं प्रकरण फार पसरलंय म्हणून सविस्तर लिहितो. ताई, तुमचे ऑडिटर बरोबर आहेत. पण तुम्ही विचारलेला प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे, तो बहुतेक जण विचारतच नाहीत.

हायपरटेन्शन आणि हार्ट फेल्युअर जोडलेलं का धरतो? इंडेक्समध्ये (कोडच्या पुस्तकाच्या सूचीत) "विथ" खाली ते दिलंय म्हणून, आणि गाइडलाइनमध्ये सरळ सांगितलंय की डॉक्टरने उलट काही लिहिलं नसेल तर संबंध आहे असं धरा. आता पल्मनरी हायपरटेन्शनखाली इंडेक्स उघडा. लेफ्ट हार्ट डिसीज आणि लंग डिसीज हे "विथ" खाली नाहीयेत, "ड्यू टू" खाली आहेत. ह्या दोन शब्दांतच सगळं आलं. "ड्यू टू" म्हटलं की ते "ड्यू टू" डॉक्टरने लिहिलेलं असायला हवं, आपण ठरवायचं नाही. आय१० ते आय१६ चे, म्हणजे साध्या रक्तदाबाचे, नियम आय२७ ला लावायचे नाहीत, नावात हायपरटेन्शन असलं तरी ते वेगळं घर आहे.

थोडा इतिहास सांगतो म्हणजे डोक्यात बसेल. १ ऑक्टोबर २०१७ च्या आधी आय२७.२ असा एकच कोड होता. त्या दिवसापासून त्याचे सहा झाले: .२० अनस्पेसिफाइड, .२१ सेकंडरी पल्मनरी आर्टेरियल, .२२ लेफ्ट हार्ट, .२३ लंग आणि हायपॉक्सिया, .२४ क्रॉनिक थ्रॉम्बोएम्बॉलिक (रक्ताच्या गुठळ्यांमुळे), .२९ बाकीचे. म्हणजे डॉक्टर लोकांचे जे पाच ग्रुप आहेत ते कोडमध्ये आणले, आणि ग्रुप एकचा प्रायमरी भाग, म्हणजे इडिओपॅथिक (कारण न सापडलेला) आणि हेरिटेबल (घराण्यातून आलेला), तो आय२७.० लाच राहिला. .२९ मध्ये ग्रुप पाच येतो, त्यात "अनक्लिअर मल्टिफॅक्टोरियल मेकॅनिझम" असे शब्द आहेत. लोक मल्टिफॅक्टोरियल वाचतात आणि दोन आजार दिसले की .२९ टाकून मोकळे होतात, तसं करू नका, तो शब्दसुद्धा डॉक्टरचाच लागतो.

आणि एक, सगळ्यात जास्त चुका मी इथे पाहिल्यात: डॉक्टरने नुसतं "पीएएच" लिहिलं की इंडेक्स तुम्हाला आय२७.२१ ला नेतं. पण कित्येक डॉक्टर पीएच (पल्मनरी हायपरटेन्शन) आणि पीएएच (पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन) एकच समजून लिहितात. एका "ए" मुळे पेशंट ग्रुप एकमध्ये जाऊन बसतो. बाकी चार्ट काही वेगळंच सांगत असेल तर तिथेही क्वेरीच, म्हणजे डॉक्टरलाच लेखी विचारायचं.

ताईंच्या चार्टला डॉक्युमेंटेशन जसं आहे तसं आय२७.२०. पण तेवढ्यावर सोडायचं नाही, क्वेरी टाकायची. अनस्पेसिफाइड देणं हा गुन्हा नाही, मनाने स्पेसिफिक देणं हा आहे.

नागपूरचा_फ्रेशर

सर मी तीन महिन्यांपूर्वी जॉइन झालोय, एक बेसिक विचारू का. माझ्या एका चार्टमध्ये "पीएचटी" लिहिलं होतं, मी पल्मनरी हायपरटेन्शन धरून आय२७.२० दिला. सिनियर म्हणाल्या पेशंटचं पूर्ण वाच. वाचलं तर सिऱ्हॉसिस, पोटात पाणी, एंडोस्कोपीत व्हॅरिसेस (फुगलेल्या शिरा). मग ते पोर्टल हायपरटेन्शन (लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेतलं वाढलेलं प्रेशर) असणार ना, के७६.६? पण तेही मी माझ्या मनानेच ठरवतोय असं होत नाही का?

जुना_ऑडिटर

शाब्बास, हाच प्रश्न पडायला हवा. शॉर्टफॉर्मचा अर्थ चार्टमध्ये दुसरीकडे कुठे पूर्ण लिहिलेला असेल, गॅस्ट्रोच्या नोटमध्ये "पोर्टल हायपरटेन्शन" असेल, तर घ्या. कुठेच नसेल तर विचारा. सिऱ्हॉसिसच्या पेशंटमध्ये तर जास्तच जपून, कारण पोर्टल हायपरटेन्शनमुळे पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शनही होतं. आय२७.२१ च्या खाली "कोड ऑल्सो" च्या यादीत के७६.६ दिलेलाच आहे, तेव्हा दोन्ही एकाच पेशंटला असू शकतात. आणि नवजात बाळाचा चार्ट आला तर आय२७ कडे वळायचंच नाही, तो पी२९.३०.

मिरजेचा_डॉक्टर

मी कोडर नाही, फिजिशियन आहे, बायको कोडिंगमध्ये होती म्हणून इथे येत असतो. डॉक्टरच्या बाजूने थोडं लिहितो, म्हणजे कारण लिहायचं का राहतं ते कळेल.

पल्मनरी हायपरटेन्शन पक्कं होतं ते राइट हार्ट कॅथेटरने. फुप्फुसाच्या धमनीतलं सरासरी प्रेशर २० च्या वर. आधी ही रेषा २५ ला होती, २०१८ च्या वर्ल्ड सिम्पोझियममध्ये ती खाली आणली आणि २०२२ च्या युरोपियन गाइडलाइनमध्येही तीच आली. मग वेज प्रेशर, म्हणजे डाव्या हृदयाकडचं प्रेशर, बघायचं. ते १५ च्या वर असेल तर भार डाव्या हृदयाकडून मागे येतोय, १५ किंवा खाली असेल आणि रेझिस्टन्स (रक्ताला होणारा अडथळा) २ वूड युनिटच्या वर असेल तर दोष फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतच आहे. इको फक्त अंदाज देतो. आरव्हीएसपी ५८ म्हणजे शंका दाट आहे, पण कारण कुठलं ते तो आकडा सांगत नाही. आणि ताईंच्या पेशंटसारख्या वयस्कर बाई, हृदय ताठर, फुप्फुसं सिगारेटने किंवा धुराने गेलेली, त्यांच्यात दोन्ही असतं आणि किती कशामुळे हे बेडसाइडला उभं राहून आम्हालाही छातीठोक सांगता येत नाही. म्हणून लिहायचं राहतं. काही वेळा निव्वळ घाईने राहतं, तेही कबूल करतो.

इथल्या गोष्टीत एक सांगतो, जुना_ऑडिटर यांनी पीएएचचं लिहिलंय त्यावरून. आपल्याकडे र्‍हुमॅटिक मायट्रल स्टेनोसिसचे पेशंट अजून येतात, पंचवीस तिशीच्या मुली, बाळंतपणात दम लागला म्हणून पहिल्यांदा कळतं. त्यांच्या इको रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत काय असतं? "आरएचडी, सिव्हिअर एमएस, सिव्हिअर पीएएच". मी स्वतः वर्षानुवर्षं असंच लिहिलंय, आम्हाला शिकवलंच तसं गेलं. पण खरं बघितलं तर तो ग्रुप दोन आहे, झडप अरुंद झाल्याने मागे चढलेलं प्रेशर. तुमच्या अमेरिकन कोडमध्ये तो आय०५.० आणि आय२७.२२ व्हायला हवा आणि आमच्या त्या ओळीवरून कोणी कोड केलं तर आय२७.२१ होईल. कारण चुकलं तर पुढे औषध चुकतं. ॲम्ब्रिसेन्टन ग्रुप एकला देतात, तेच इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिसच्या पेशंटला द्यायचं नाही असं लेबलवरच आहे. तेव्हा तुम्ही क्वेरी पाठवता ते आम्हाला कटकट वाटत असेल तरी पाठवा.

नाईटशिफ्ट_ऐरोली

डॉक्टर, हे वाचून मत बदललं माझं. एक विचारते, भारतात हे ग्रुप कोडमध्ये येतात का मग?

मिरजेचा_डॉक्टर

डब्ल्यूएचओच्या मूळ आयसीडी १० मध्ये नाहीत, तिथे आय२७.० प्रायमरी आणि आय२७.२ इतर सेकंडरी, एवढंच. तुमचे ते पाचवे अंक अमेरिकेच्या क्लिनिकल मॉडिफिकेशनचे. आयसीडी ११ मध्ये मात्र आलेत, बीबी०१ खाली, .० आर्टेरियल, .१ लेफ्ट हार्ट, .२ लंग, .३ थ्रॉम्बोएम्बॉलिक, .४ मल्टिफॅक्टोरियल. ते आपल्याकडे सगळीकडे रुळलं की आम्हालाही कारण लिहावंच लागेल, आणि ते बरंच होईल.

जर्सीची_वहिनी

मी न्यू जर्सीत एका पल्मनरी क्लिनिकच्या ऑफिसमध्ये काम करते, इन्शुरन्सकडून औषधांची आधी मंजुरी काढायचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे तुम्ही दिलेल्या कोडचं पुढे काय होतं ते मी रोज बघते. नाव कुणाचं घेत नाही, पण एक सांगतेच.

आमच्याकडे एक पेशंट होत्या, क्रेस्ट सिंड्रोमच्या (स्क्लेरोडर्माचा एक प्रकार), बोटं पांढरीनिळी पडायची थंडीत. कॅथेटर झालेलं, ग्रुप एक पक्कं, डॉक्टरने मॅसिटेन्टन लिहून दिलं. अर्ज गेला आणि नामंजूर होऊन परत आला. का? तर सिस्टीममधल्या जुन्या प्रॉब्लेम लिस्टमधून आय२७.२० आपोआप उचलला गेला होता, दोन वर्षांपूर्वी कुणीतरी इकोनंतर टाकलेला, आणि तो कुणी बदललाच नव्हता. इन्शुरन्सवाल्यांना ग्रुप एकचा कोड आणि कॅथेटरचे आकडे हवे असतात, अनस्पेसिफाइडवर ते असलं महाग औषध देत नाहीत. मग डॉक्टरच्या नोटमध्ये सगळं लिहिलेलं होतं तेच घेऊन आय२७.२१ आणि क्रेस्टचा एम३४.१ लावून, कॅथ रिपोर्ट जोडून पुन्हा पाठवलं तेव्हा मंजूर झालं. मधले दिवस त्या बाई रोज फोन करायच्या, एकदा तर स्वतःच आल्या, रिसेप्शनसमोरच्या खुर्चीत बसल्या, ऑक्सिजनची छोटी पिशवी मांडीवर घेऊन, आणि मला म्हणाल्या की मला फक्त तारीख सांग. तारीख माझ्याकडे नव्हती.

तेव्हापासून मी प्रॉब्लेम लिस्टमधला कोड कधीच तसाच पुढे पाठवत नाही, आधी शेवटची नोट उघडते. औषधांच्या यादीत सिल्डेनाफिल दिसलं म्हणून पीएएच धरायचं नाही हेही इथेच शिकले, २० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा असेल तर शंका येते, पण शंका म्हणजे डायग्नोसिस नाही.

हिंजवडीची_कोडर

वहिनी, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. आपण इथे रात्री चार्ट क्लोज करतो, आकडा पूर्ण झाला की कॅबची वाट बघतो, आणि तिकडे कुणीतरी तारीख विचारत बसलेलं असतं.

चार्ट अजून बिल होल्डवर आहे (बिल गेलेलं नाही), क्वेरी टाकता येईल असं सांगितलंय. मी असं लिहिलंय, बघा बरं: "पेशंटला डायस्टॉलिक हार्ट फेल्युअर आणि मोठं लेफ्ट एट्रियम आहे, आरव्हीएसपी ५८ आहे. पल्मनरी हायपरटेन्शन लेफ्ट हार्ट डिसीजमुळे आहे असं कृपया डॉक्युमेंट करा म्हणजे योग्य कोड देता येईल."

जुना_ऑडिटर

ताई, अशी अजिबात पाठवू नका. ही लीडिंग क्वेरी झाली, उत्तर तुम्हीच डॉक्टरच्या तोंडात घातलंत. शिवाय तुमच्या बाजूचे पुरावे तेवढे दिलेत, सीओपीडी आणि घरचा ऑक्सिजन गाळलात. कंप्लायंट (नियमात बसणाऱ्या) क्वेरीबद्दल अहिमा आणि अक्डिस ह्या अमेरिकेतल्या कोडिंग-डॉक्युमेंटेशनच्या संघटनांचं एकत्र मार्गदर्शन आहे, २०२२ मध्ये सुधारलेलं, ते एकदा पूर्ण वाचा. गाभा असा की चार्टमधले सगळे संबंधित आकडे आणि नोंदी तारखेसकट मांडायच्या, मग प्रश्न उघडा ठेवायचा, पर्याय द्यायचे तर वैद्यकीयदृष्ट्या बसणारे सगळे द्यायचे आणि शेवटी "इतर" आणि "ठरवता येत नाही" हे दोन असलेच पाहिजेत. कोडचं, पैशाचं, क्वालिटी स्कोअरचं एक अक्षर नको.

इको, हार्ट फेल्युअरचं ट्रीटमेंट, सीओपीडी, ऑक्सिजन किती लिटर, रूम एअरवर सॅच्युरेशन काय होतं, आधीचा कॅथ असेल तर तो, हे सगळं मांडा. मग विचारा: तुमच्या क्लिनिकल मतानुसार पल्मनरी हायपरटेन्शनचं कारण किंवा प्रकार माहीत असल्यास नोंदवावा. घरचा ऑक्सिजन आहे म्हणून क्रॉनिक रेस्पिरेटरी फेल्युअर आपणहून देऊ नका, ते डॉक्टरने लिहिलेलं नाही, त्याची वेगळी क्वेरी होईल.

नागपूरचा_फ्रेशर

सर, इको रिपोर्टच्या खाली कार्डिओलॉजिस्टनेच "मॉडरेट पल्मनरी हायपरटेन्शन" लिहिलं असेल आणि समरीत काहीच नसेल तर? तोही डॉक्टरच आहे ना?

जुना_ऑडिटर

इनपेशंटला नाही चालत. टेस्टमधलं ॲबनॉर्मल फाइंडिंग ट्रीटिंग प्रोव्हायडरने महत्त्वाचं म्हणून नोंदवल्याशिवाय कोड करायचं नाही, ट्रीटमेंट किंवा पुढची तपासणी चालू असेल तर क्वेरी. आउटपेशंटला वेगळं आहे, तिथे डॉक्टरने वाचलेला फायनल रिपोर्ट हातात असेल तर त्यातलं पक्कं डायग्नोसिस घेता येतं. पण "सजेस्टिव्ह ऑफ", "प्रॉबेबल", "कन्सिस्टंट विथ" असेल तर आउटपेशंटला नाही घ्यायचं, लक्षणं कोड करायची. इनपेशंटला उलट, डिस्चार्जच्या वेळी "प्रॉबेबल" लिहिलेलं असेल तर ते असल्यासारखंच कोड होतं.

सीक्वेन्सबद्दल कोणी विचारलं नाही पण सांगून ठेवतो. सेकंडरी पल्मनरी हायपरटेन्शनला कारणाचा कोड सोबत द्यायचा आणि कोण आधी कोण नंतर ते पेशंट कशासाठी आला त्यावर, कोडिंग गाइडलाइनच्या सेक्शन १.सी.९.ए.११ मध्ये आहे. अपवाद औषधाच्या ॲडव्हर्स इफेक्टचा. भूक मारायच्या गोळ्यांमुळे झालं असेल, फेन-फेनच्या वेळी अमेरिकेत झालं तसं, १९९७ मध्ये त्यातलं फेनफ्लुरामिन मागे घ्यावं लागलं, तर आधी आय२७.२१ आणि मग टी५०.५एक्स५ए.

हिंजवडीची_कोडर

बारा दिवसांनी लिहितेय, उत्तर आलं म्हणून.

क्वेरी जुना_ऑडिटर यांनी सांगितली तशी पुन्हा लिहिली. पुरावे गोळा करताना जुन्या ॲडमिशनचे कागद उघडले तर त्यात दोन वर्षांपूर्वीचा राइट हार्ट कॅथ निघाला, सरासरी ३४, वेज २२. मी पहिल्यांदा कोड करताना हे बघितलंच नव्हतं. ह्या ॲडमिशनच्या कार्डिओलॉजीच्या नोटमध्ये त्या कॅथचा उल्लेख होता म्हणून आमच्या पॉलिसीप्रमाणे तोही तारखेसकट क्वेरीत मांडला.

डॉक्टरचं उत्तर ॲडेंडममध्ये आलंय: पल्मनरी हायपरटेन्शन, ग्रुप दोन, डायस्टॉलिक हार्ट फेल्युअरमुळे, आणि सीओपीडी व क्रॉनिक हायपॉक्सियामुळे ग्रुप तीनचाही भाग. दुसऱ्या क्वेरीवर क्रॉनिक हायपॉक्सिक रेस्पिरेटरी फेल्युअर असंही लिहून दिलंय. म्हणजे आता आय२७.२२ आणि आय२७.२३ दोन्ही, आणि जे९६.११. टीम लीडनी सांगितलेलेच दोन कोड आले शेवटी, पण आता ते डॉक्टरच्या सहीने आलेत.

ऑडिटची एरर तशीच राहिली. मी रिबटल (ऑडिटवर हरकत) टाकला नाही, कारण ज्या दिवशी मी .२२ दिला त्या दिवशी चार्टमध्ये ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

नाईटशिफ्ट_ऐरोली

ताई, क्वेरीचा तो दुसरा मसुदा पेशंटची माहिती काढून इथे टाकाल का? आमच्याकडे उद्यापासून कार्डिॲकचे चार्ट येणारेत, माझ्या टीममध्ये सहा जणी नव्या आहेत.

हिंजवडीची_कोडर

टाकते. आज शिफ्ट संपली की तारखा आणि आकडे बदलून टाकते, पहाटेपर्यंत मिळेल.